फादर हेन्री हेरास : आधी विद्यार्थी, मग अध्यापक



चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण बहुधा आपल्याच मातीत वाढलेल्या व्यक्तींची चरित्रे वाचतो. या पाठात मात्र एका परदेशी अध्यापकाचे चरित्र तुमच्यासमोर ठेवले आहे. त्यांचा जन्म भूमध्यसागराच्या काठी झाला आणि आयुष्याची शेवटची ३३ वर्षे त्यांनी मुंबईत शिकवण्यात घालवली. फादर हेन्री हेरास हे त्यांचे नाव. प्राचीन भारताच्या इतिहासाचे विद्यार्थी त्यांना ओळखतात; मराठीच्या विद्यार्थ्यांना ते फारसे परिचित नसतात. तुमच्यापैकी जे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांत राहतात, त्यांना या चरित्रातील काही खुणा आपल्या घराजवळच सापडतील. त्यांच्याकडे आपण यथावकाश येऊ.

परक्या शहरात येऊन शिकवू लागणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न उभा असतो. समोर बसलेले विद्यार्थी त्या शहरात जन्मलेले असतात. त्यांना तिथल्या चालीरीती, भाषा, देवळे, बाजार सगळे ठाऊक असते. अध्यापकाला यातले काहीच ठाऊक नसते. तरीही ज्ञान देण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे असतो. ही विसंगती काही अध्यापक आयुष्यभर झाकून ठेवतात. आपल्या देशातले पाठ्यपुस्तक उघडतात, तेच शिकवतात आणि मुदत संपली की परत जातात. वसाहतीच्या काळात असे कितीतरी अध्यापक आले आणि गेले. हेरास यांनी काय केले, हे पाहणे हा या पाठाचा हेतू आहे.

मुंबईत आगमन

हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी स्पेनमधील बार्सिलोना येथे झाला. कॅटलोनिया प्रांताचे हे मुख्य शहर. तरुणपणीच ते येशूसंघात, म्हणजे ज्यांना आपण जेझुइट म्हणतो त्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले. दीर्घ अध्ययन, अध्यापनाची उमेदवारी आणि मग धर्मगुरुपदाची दीक्षा, असा या संघाचा शिरस्ता असतो. हेरास यांचा विषय होता इतिहास.

ते मुंबईला का आले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. धोबी तलाव येथील सेंट झेवियर महाविद्यालय १८६९ मध्ये स्थापन झाले, ते प्रामुख्याने जर्मन जेझुइटांच्या परिश्रमांतून. पुढे पहिले महायुद्ध पेटले. जर्मनी हा ब्रिटिश साम्राज्याचा शत्रू ठरला आणि मुंबईतील जर्मन धर्मगुरू एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले किंवा मायदेशी धाडण्यात आले. महाविद्यालय उभे होते, विद्यार्थी होते, पण शिकवणाऱ्यांची मोठी उणीव निर्माण झाली. युद्धानंतर ही जबाबदारी स्पॅनिश जेझुइटांकडे सोपवण्यात आली. त्या तुकडीतून १९२२ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, हेरास मुंबईत उतरले. म्हणजे ते आले ते दुसऱ्या कोणाच्या तरी रिकाम्या खुर्चीवर. हे शहर त्यांनी निवडले नव्हते. संघाच्या आज्ञेने ते त्यांच्या वाट्याला आले होते.

त्यांच्या आगमनाची एक आठवण नेहमी सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवायला आवडेल, अशी विचारणा प्राचार्यांनी केली तेव्हा हेरास यांनी भारताचा इतिहास, असे उत्तर दिले. त्या विषयाचे आपल्याला किती ज्ञान आहे, या पुढच्या प्रश्नावर त्यांनी काहीच नाही, असे सरळ सांगून टाकले. मग शिकवणार कसे, असे प्राचार्यांनी विचारताच आपण तो शिकू, असे ते म्हणाले.

अशा आठवणी सांगता सांगता घासून गुळगुळीत होतात, हे चरित्राच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. संवादाचे शब्द नेमके तेच होते की नाही, हा मुद्दा गौण आहे. पुढच्या ३३ वर्षांचे त्यांचे काम या आठवणीशी जुळते, म्हणून ती टिकली. यात एक जोखीम होती, ती मात्र नजरेआड करू नये. युरोपचा इतिहास शिकवणे त्यांना सोपे गेले असते. तिथे ते विद्यार्थ्यांच्या पुढे होते. भारताच्या इतिहासात ते विद्यार्थ्यांच्या मागे होते, आणि ही गोष्ट वर्गात पहिल्याच दिवशी उघड होणार होती.

घर नसलेल्या माणसाचे घर

स्थायिक होणे याचा सामान्य अर्थ घर, संसार, शेजार, बाजारहाट असा आपण घेतो. जेझुइट अध्यापकाच्या बाबतीत हा अर्थ लागू पडत नाही. त्याने दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची व्रते घेतलेली असतात. स्वतःच्या मालकीचे घर नसते, पगार संघाकडे जातो, भोजन सामुदायिक असते. छायाचित्रांत हेरास दिसतात ते पांढऱ्या झग्यात आणि भरघोस दाढीत. मग अशा माणसाने शहरात मुळे रुजवायची कशात? या प्रश्नाचे उत्तर हेरास यांच्या बाबतीत ग्रंथालय, वर्ग आणि वस्तुसंग्रह असे द्यावे लागते.

भाषेचाही विचार करा. हेरास यांची जन्मभूमी कॅटलान आणि स्पॅनिश भाषांची. मुंबईत शिकवायचे होते इंग्रजीतून. समोरच्या मुलांच्या घरी मराठी, गुजराती, कोंकणी बोलली जात होती. इंग्रजी ही ना गुरूची मायबोली, ना शिष्यांची. ज्यांची मातृभाषा वेगळी, असे दोन पक्ष तिसऱ्याच भाषेत चौथ्याच कोणाच्या तरी, म्हणजे पल्लवांच्या आणि कदंबांच्या, इतिहासाची चर्चा करीत होते! मुंबईतील उच्चशिक्षणाचे हे चित्र तसे नेहमीचेच. फक्त आपल्या ते लक्षात येत नाही.

त्या वेळची मुंबई आजच्या मानाने लहान होती. १९२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. साष्टी बेटावरची गावे शहराबाहेर होती. त्यांचा मुंबई उपनगर जिल्हा नुकताच, १९२० मध्ये, वेगळा करण्यात आला होता. हेरास आल्यानंतर तिसऱ्या वर्षी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली आणि १९२८ मध्ये पश्चिमेकडील विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोहोचली. उपनगरातून रोज गाडीने येऊन शहरातील महाविद्यालयात शिकण्याचा जो क्रम आज तुम्हाला स्वाभाविक वाटतो, तो त्या वर्षांत आकाराला येत होता. शहर स्वतःच बदलत होते. परक्या माणसाला अशा शहरात शिरकाव करणे थोडे सोपे जाते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जिथे बरेच जण नवखे असतात, तिथे नवखेपणाचा बोभाटा होत नाही.

परकेपणाचा उपयोग

हेरास यांनी अभ्यासासाठी प्रथम निवडले ते विजयनगरचे साम्राज्य. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. १५६५ मध्ये विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर येथील सुलतानांच्या संयुक्त सैन्याने विजयनगरचा पराभव केला. तालिकोटची किंवा राक्षसतागडीची लढाई म्हणून ती तुम्ही शालेय पुस्तकात वाचली असेल. विजयनगरची कहाणी या लढाईपाशी संपते, असा सर्वसाधारण समज होता. वस्तुतः राजधानी हलली, पण राज्य टिकले. पेनुकोंडा आणि नंतर चंद्रगिरी येथून अराविडू घराण्याचे राजे दीर्घकाळ राज्य करीत होते. पुढे शहाजीराजे कर्नाटकात उतरले तेव्हा याच घराण्याच्या शेवटच्या राजांशी त्यांचा संबंध आला. तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतिहासालाही परका नाही.

या उत्तरकाळाची साधने कोठे होती? काही शिलालेखांत आणि ताम्रपटांत, काही तेलुगू व संस्कृत काव्यांत, आणि काही एका अनपेक्षित जागी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा दुसरा वेंकट याच्या दरबारी जेझुइट धर्मगुरू गेले होते. त्यांनी आपल्या वरिष्ठांना पाठवलेली पत्रे पोर्तुगीज, लॅटिन, इटालियन आदी भाषांत युरोपात पडून होती. भारतीय संशोधकांना ती सहज उपलब्ध नव्हती आणि उपलब्ध झाली तरी वाचता येणे कठीण होते. हेरास यांच्या दृष्टीने मात्र ती आपल्याच संघातील पूर्वसूरींची पत्रे होती.

इथे या चरित्रातील महत्त्वाचा धागा हाती येतो. हेरास यांनी आपले परकेपण टाकून दिले नाही, ते कामाला लावले. देशी साधने शिकायची आणि त्यांच्या शेजारी आपण सोबत आणलेल्या भाषांतील साधने ठेवायची, ही त्यांची पद्धत. १५४२ ते १६१४ या काळाचा अराविडू घराण्याचा इतिहास त्यांनी लिहिला आणि तो १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत पाऊल ठेवल्यापासून अवघी पाच वर्षे झाली होती. त्या ग्रंथावर पहिला खंड असे छापलेले आहे. दुसरा खंड त्यांच्या हयातीत आला नाही. १९२९ मध्ये विजयनगरच्या उगमावरचा आणि १९३३ मध्ये पल्लवांवरचा ग्रंथ आला.

दरम्यान १९२६ मध्ये त्यांनी महाविद्यालयातच भारतीय इतिहास संशोधनासाठी एक संस्था सुरू केली. नाणी, मूर्ती, हस्तलिखिते, पुस्तके जमवण्यास आरंभ झाला. इतिहास हा विषय केवळ टिपणे उतरवून घेण्याचा नाही, मूळ वस्तू हातात घेऊन विचारण्याचा आहे, ही दृष्टी त्यामागे होती. त्या काळी बहुतेक महाविद्यालयांत परीक्षेपुरता इतिहास शिकवला जात असे; संशोधन म्हणजे विलायतेस जाऊन करायची गोष्ट, असा समज होता. धोबी तलावाच्या इमारतीत बसून हे काम होऊ शकते, हे या संस्थेने दाखवून दिले. जॉर्ज मोराइस यांचा कदंबांवरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, तो याच परंपरेतून. गोव्याच्या आणि बनवासीच्या कदंबांचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो ग्रंथ ओलांडून पुढे जाता येत नाही. विल्यम कोएल्हो यांचा होयसळांवरील ग्रंथही १९५० मध्ये या संस्थेनेच प्रसिद्ध केला. अध्यापकाचे मोल ठरवताना त्याच्या स्वतःच्या ग्रंथांइतकेच त्याच्या विद्यार्थ्यांच्या ग्रंथांनाही वजन दिले पाहिजे.

हेरास खुर्चीत बसून राहणारे संशोधक नव्हते. १९२९ मध्ये त्यांनी गोव्यातील चांदोर येथे उत्खनन केले. चांदोर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, कदंबांची जुनी राजधानी. तिथे एका शिवमंदिराचे अवशेष आणि नंदी उजेडात आला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. एका कॅथलिक धर्मगुरूने, कॅथलिक सत्तेच्या मुलुखात, पोर्तुगीजपूर्व देवळाचा पाया शोधून काढावा, ही घटना क्षणभर थांबून विचार करण्याजोगी आहे.

तुमच्या घराजवळची साष्टी

हा प्रसंग समजून घ्यायचा असेल तर चांदोरपर्यंत जाण्याची गरज नाही. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत. मूळ हे शैव लेणे. पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्यात प्रार्थनामंदिर थाटले आणि वरच्या बाजूस मोठी इमारत बांधली. तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि साष्टीवरील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. एकाच खडकात शैव मूर्ती, क्रूसाची खूण आणि मराठ्यांच्या विजयानंतरची स्थित्यंतरे नांदताना दिसतात. जवळच कान्हेरी आहे. तिथे ब्राह्मी लेखांबरोबर अकराव्या शतकात भेट देणाऱ्या पारशांनी कोरलेले पहलवी लेखही आहेत. अंधेरीला महाकालीची, म्हणजे कोंडिवट्याची, बौद्ध लेणी आहेत.

या पाठाच्या निमित्ताने यांपैकी एखाद्या ठिकाणी अर्धा दिवस घालवा. जाताना कोणतेही पुस्तक नेऊ नका. जे दिसेल ते मराठीत लिहून काढा: भिंतीवर काय आहे, काय फोडलेले आहे, काय नंतर जोडलेले वाटते. घरी आल्यावर मग पुस्तक उघडा. आपण काय पाहिले नाही, हे तेव्हा कळेल. स्थळ प्रत्यक्ष पाहून शिकण्याची ही रीत आहे. चांदोरच्या उत्खननामागेही तीच वृत्ती होती.

मात्र हेरास यांच्या लेखनाकडे सर्वत्र सारख्याच आदराने पाहावे, असे नाही. १९३३ मध्ये त्यांनी भारतातील जेझुइटांच्या धर्मांतरविषयक धोरणावर एक पुस्तक लिहिले. त्यात ते आपल्या संघाची बाजू मांडतात. पल्लवांविषयी लिहिताना जो तटस्थपणा त्यांना सहज साधतो, तो इथे साधणे अवघड होते आणि तो पुरता साधलाही नाही, असे आमचे मत आहे. याच कालखंडाची दुसरी बाजू पाहण्यासाठी मराठीचे थोर संशोधक अ. का. प्रियोळकर यांचा गोव्यातील इन्क्विझिशनवरील १९६१ चा ग्रंथ वाचावा. एकाच भूमीविषयी दोन अभ्यासकांनी लिहिलेली पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे साधनांचा अर्थ लावताना लेखक कोठे उभा आहे, हे किती महत्त्वाचे असते, ते ध्यानात येते.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र हेरास आपल्या काळाच्या पुष्कळ पुढे होते. भारतातील ख्रिस्ती कलेने युरोपीय चित्रांच्या नकला करू नयेत, इथली रेषा, इथला वेश, इथले चेहरे घ्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. मूळचे गोव्याचे आणि पुढे पुण्यात राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांना त्यांनी प्रोत्साहन दिले. फोन्सेका यांच्या चित्रांत मरिया साडी नेसून येते. अनेक धर्मनिष्ठांना ते त्या काळी रुचले नव्हते.

मासा आणि तारा

हेरास यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे धाडस अजून सांगायचे आहे. ते मुंबईत आले त्याच सुमारास सिंधच्या वाळवंटी मुलखात राखालदास बॅनर्जी मोहेंजोदडोचे उत्खनन करीत होते. १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला. मुद्रांवरची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. हेरास यांनी या कोड्यात हात घातला आणि आयुष्याची सुमारे दोन दशके त्यासाठी दिली.

ती भाषा द्राविड कुळातील असली पाहिजे, हे त्यांचे गृहीत. मुद्रांवर माशाचे चिन्ह वारंवार येते. इतक्या मुद्रांवर माशांचाच उल्लेख कशासाठी असेल? हेरास यांनी तमिळसारख्या द्राविड भाषांकडे पाहिले. तिथे मीन या शब्दाचे दोन अर्थ होतात: मासा आणि तारा. चित्र माशाचे काढायचे, पण उच्चाराच्या साम्यामुळे अर्थ ताऱ्याचा घ्यायचा, अशी ही युक्ती असावी, असे त्यांनी सुचवले. तारा हे देवतेचेही चिन्ह होऊ शकते. तमिळमध्ये कृत्तिकांना अरुमीन म्हणजे सहा तारे आणि सप्तर्षींना एळुमीन म्हणजे सात तारे अशी नावे आहेत, हे लक्षात घेतले की माशाच्या चिन्हाआधी येणाऱ्या उभ्या रेघांकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो.

भाषेच्या विद्यार्थ्यांनी इथे आपल्याही शब्दांकडे वळून पाहावे. आपण बाजारातून मासे आणतो, मीन आणत नाही. पण राशी सांगताना मीनच म्हणतो. हा मीन मराठीत संस्कृतातून आला, आणि संस्कृतात तो द्राविड भाषांतून आला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पंचांगातला हा रोजचा शब्द एवढा लांबचा प्रवास करून आलेला आहे.

हेरास एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते, असे आज वाटते. त्यांनी एकेका चिन्हाला एकेक अर्थ ठरवून मुद्रांमागून मुद्रा वाचून दाखवल्या. पुढे सिंधू संस्कृतीचे लोक सुमेर, इजिप्त आणि भूमध्यसागराच्या काठापर्यंत पसरले, असा भव्य सिद्धान्त मांडला. १९५३ मध्ये या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्वानांनी ही वाचने स्वीकारली नाहीत. लिपीतील चिन्हांच्या जागा, त्यांची पुनरावृत्ती, जोड्या यांची काटेकोर तपासणी त्यांच्या पद्धतीत नव्हती, आणि ताळा पाहण्यास दोन लिप्यांत कोरलेला लेखही कोणाला सापडलेला नव्हता. आजही ती लिपी निर्विवादपणे वाचली गेलेली नाही.

बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला सिंधूचे लोक आपल्या समुद्रापर्यंत पोहोचलेले दिसावेत, यामागे मनाचा काही ओढा असेल का? पुराव्याने हे ठरवता येणार नाही. परंतु त्यांच्या मायदेशात काय घडत होते, ते माहीत असावे. १९३२ च्या जानेवारीत स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने येशूसंघ विसर्जित केला आणि त्याची मालमत्ता ताब्यात घेतली. १९३६ ते १९३९ या वर्षांत तो देश यादवी युद्धात होरपळला. बार्सिलोनावर बाँब पडले. ज्या घराकडे परत जायचे, तेच घर या वर्षांत ओळखू येईनासे झाले होते. हेरास मुंबईत काम करीत राहिले. १९४७ मध्ये ब्रिटिश गेले, पुष्कळ युरोपीय अध्यापकांनी सामान बांधले, तेव्हाही ते मुंबईतच होते.

सिंधू लिपीच्या त्यांच्या वाचनांपैकी बहुतेक आज कालबाह्य झाली आहेत. मासा आणि तारा ही कल्पना मात्र टिकली. पुढे फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी संगणकाच्या साहाय्याने या लिपीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनीही तीच आधाराला घेतली आणि तिचे श्रेय हेरास यांना दिले.

१९५० मध्ये मुंबई महानगरपालिकेची हद्द वाढली आणि अंधेरी, घाटकोपर ही ठिकाणे मुंबईत आली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये आली. ते पाहण्यास हेरास नव्हते. १४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, १९६४ पासून तिचे संशोधनपर नियतकालिक निघू लागले आणि १९८१ मध्ये भारतीय टपाल खात्याने हेरास यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.